ताराच्या घरावरचा उतार

त्या दिवशी सकाळी मी बाल्कनीत वाळत घातलेल्या कुरडया उलटत होते आणि फोन वाजला. वसंतरावांचा. शैलाच्या नवऱ्याने मला स्वतःहून फोन करावा हेच मुळात नवल, कारण त्या घरात फोनचं खातं शैलाकडे होतं. "सुनंदाताई, शैला आज उठलीच नाही," ते म्हणाले. मला वाटलं, गुडघ्याने पुन्हा डोकं वर काढलं असेल. "मग झोपू दे की तिला," असं मी म्हणालेसुद्धा... थोड्या वेळाने ते म्हणाले, "डॉक्टर येऊन गेले." तेव्हा कळलं. हातातली कुरडई मी मोडू न देता ताटात नीट ठेवली होती, ते आठवून अजून माझा मलाच राग येतो.

आज इतक्या आठवड्यांनी लिहायला बसले आहे. मधे दोनदा बसले आणि दोनदा उठले, कारण शैलावर लिहायचं म्हणजे त्या डोंगरावर लिहावं लागणार आणि डोंगराचा विषय आमच्या घरात कोणी काढत नव्हतं. शैला उल्हासनगरच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायची, मी बदलापूरच्या शाळेत मराठी. आमची मैत्री मात्र नोकऱ्यांच्याही आधीची, एका बाकावर बसून एकीच्या वहीत दुसरीने चित्रं काढायच्या वयातली. तिची सिंधी मुलं तिला 'पत्थरवाली मॅडम' म्हणायची आणि ती खूश व्हायची. तिला साधं "कशी आहेस?" विचारलं तरी ती आधी विचार करायची. अंबरनाथ पूर्वेला फ्लॅट घ्यायचा ठरला तेव्हा वसंतराव आणि मी नमुन्याच्या फ्लॅटमध्ये फरशा आणि नळ बघत होतो, आणि ही बाई शेजारच्या इमारतीच्या पायाच्या खड्ड्यात उतरून बसली होती. बिल्डरच्या माणसाला वाटलं, मॅडमचं काहीतरी खाली पडलं. मी तिला त्यावरून पुढे कित्येक वर्षं चिडवलं. ती म्हणायची, "नळ बदलता येतो गं."

निरंजन, माझा मुलगा, ऐरोलीच्या एका कंपनीत आहे. आठवडाभर खुर्चीत बसायचं आणि त्याचं उट्टं शनिवार-रविवारी डोंगरात सायकल घालून काढायचं, हा त्याचा क्रम. चामटोलीच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी एक छोटी वाडी आहे, तिला इथे करवंदवाडी म्हणू. मागचा डोंगर वाडीतल्याच कुटुंबांच्या मालकीचा. निरंजन आणि त्याच्या मित्रांच्या मनात आलं की या डोंगरावर जाड टायरच्या सायकलींसाठी एक वाट काढायची. ते तिला ट्रेल म्हणत, वाडी सायकलवाट म्हणे. बाहेरगावची पोरं येतील, वाडीतल्या बायका जेवण करून घालतील, तरण्या मुलांना वाट राखायचं काम मिळेल आणि त्यांना रोज एमआयडीसीच्या गेटवर जाऊन उभं राहावं लागणार नाही. वाडीला पटलं. निरंजन त्या हिवाळ्यात इतका आनंदात होता की घरातल्या चपात्याही लाटू लागला. काम बरंच पुढे गेल्यावर एका संध्याकाळी मी म्हटलं, "पाऊस यायच्या आत शैलामावशीला एकदा दाखवा." त्यालाही ते लगेच पटलं. मावशी म्हणजे घरची, ती काय नाही म्हणणार होती?

माघातल्या एका रविवारी आम्ही सगळे वर गेलो. सायकलवाट बघायला आलेली ही बाई वाटेकडे बघतच नाही, झाडांच्या बुंध्यांकडे बघते, म्हणून पोरं एकमेकांना कोपरं मारत होती. बुडाशी बाकदार होऊन मग सरळ वर गेलेले ऐनाचे वृक्ष तिने आम्हाला दाखवले. जमीन हळूहळू खाली सरकते आहे, झाड मात्र उभंच वाढू बघतं, म्हणून तो बाक. पुढे कातळाच्या दोन थरांमध्ये तांबड्या मातीचा एक पट्टा उघडा पडला होता. त्यावरून तिने बोट फिरवलं आणि ओढणीला पुसलं. वरून मुरलेलं पाणी इथवर येतं, खाली जायला वाट नाही म्हणून या तांबड्या थरावरून चालू लागतं, आणि मग वरचं सगळं साबणावर ठेवल्यासारखं होतं, असं ती म्हणाली. त्या उताराच्या बरोबर खाली ताराचं घर. ताराचा नवरा अंबरनाथला कारखान्यात, आणि घरी ती, सासू, दोन मुलं आणि एक म्हैस. आम्ही वर उभे होतो तेव्हा ती अंगणात शेणाच्या गोवऱ्या थापत होती आणि मधूनच मान वर करून आमच्याकडे बघत होती.

पण शैला खरी थबकली ती वाट बघून. वाट वाडीतल्या पुरुषांनी कुदळ-फावड्याने हाताने काढली होती आणि इतकी देखणी की बघत राहावं. भाताची शेती करणारी माणसं ती. उतारावर कुठेही सपाटी कापली की तिच्या बाहेरच्या कडेला बांध घालायचा, हे त्यांच्या हातांनाच ठाऊक. कोणी तसं सांगितलं नव्हतं आणि सांगायची गरजही कोणाला वाटली नव्हती. दरीकडच्या कडेला वाटभर त्यांनी वीतभर उंचीचा बांध घातला होता, चोपून, वर गवताची ढेकळं बसवून. सायकलवाल्या पोरांना तो फारच आवडला होता, चाक घसरलं तर अडेल म्हणून. शैला त्या बांधावर बसली आणि हाताने त्याची माती दाबून बघत राहिली.

खाली आल्यावर तिने ताराकडे परात मागितली. वरून आणलेली माती ओली करून तिने परातीत उतार केला, चमच्याच्या दांड्याने त्यावर आडवी वाट कापली आणि कडेला बोटांनी बांध घातला. मग तांब्याने वरून बारीक धार धरली. सगळी वाडी भोवती उभी. पाणी बांधाशी अडलं, साठलं, आणि एक जण समाधानाने म्हणाला, "बघा, धरलं." शैला धार सोडतच राहिली. आधी बांधाखालची माती फुगल्यासारखी झाली, मग सबंध उतार एकदम सुटून परातीच्या काठाला येऊन लागला. "शेतात पाणी धरायचं असतं," ती म्हणाली, "इथे सोडायला हवं." तेव्हा मागे काठी टेकून उभे असलेले ताराचे चुलतसासरे म्हणाले, "पन सोडायचं कुठं, बाई? खाली तर आमीच हाव ना." शैलाने तांब्या खाली ठेवला. "तेच शोधायचंय," ती म्हणाली.

पुढचे दोन महिने ती शोधत राहिली. गुडघ्याला पट्टा बांधून दर रविवारी रिक्षाने वाडीत जायची. शेवटी तिने सांगितलं ते असं. बांध पूर्ण फोडा आणि वाट दरीकडे किंचित कलती करा, म्हणजे पाणी एके जागी न थांबता वाहून जाईल. ताराच्या घरावरचा मधला भाग सोडून द्या, कापलेलं पुन्हा भरा. त्याऐवजी वाट पलीकडे डोंगराच्या सोंडेवरून न्या, तिथे कातळ वर आहे. आणि वरचं जास्तीचं पाणी चर खणून सोंडेच्या बाजूच्या ओहोळात सोडा. स्वतःच्या हाताने घातलेला बांध फोडताना त्या माणसांचे चेहरे मी पाहिले आहेत. निरंजनही हिरमुसला, कारण मधला भाग म्हणजेच त्याच्या वाटेचा जीव होता. पण सगळ्यांनी ऐकलं. जसं सांगितलं तसं केलं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण नंतर बरंच काही बोललं गेलं.

श्रावणात पावसाने झोडपून काढलं आणि एका दुपारी डोंगराचा तुकडा खाली आला. मधल्या भागातून नव्हे. सोंडेच्या कुशीतून, ओहोळापासून हाकेच्या अंतरावर. त्या बाजूला असलेला ताराचा गोठा गेला, आत म्हैस होती. घराच्या भिंतीला चिखल टेकून थांबला. माणसं वाचली. त्या दिवसांत आसपासच्या डोंगरांवर इतरही ठिकाणी दरडी आल्या होत्या, जिथे सायकल काय, माणूसही कधी चढला नसेल. निरंजन मला दहादा हेच सांगत होता. वाडी म्हणत होती, इतकी वर्षं इथून धोंडा हलला नव्हता, वाट झाली आणि हे झालं. दोघंही शैलाची वाट बघत होते.

मारुतीच्या देवळापुढच्या मंडपात सगळे जमले. शैला आधी वर जाऊन आली होती, चिखलाने कमरेपर्यंत माखलेली. ती म्हणाली, "दोन्ही शक्य आहे. हा डोंगर वाट काढायच्या आधीपासून सरकतोय. आणि मी ओहोळात सोडायला लावलेलं पाणी कुठेतरी फुटून बाहेर गेलं असेल, तर ते माझ्यामुळे झालं. यातलं कुठलं खरं ते मला माहीत नाही. सगळं वाहून गेलंय, आता कळणारही नाही." मग मागून कोणीतरी म्हणालं, "मंग तुमाला आनलं कशाला?" शैलाने मान हलवली, जणू तो प्रश्न रास्तच होता. आणि पुढे म्हणाली की कळत नाही तोवर वाट बंद ठेवा, सबंध.

मी तिच्यावर चिडले होते, आणि खरं सांगायचं तर आजही थोडी चिडलेली आहे. एक शब्द इकडचा किंवा तिकडचा टाकला असता तर निदान एक बाजू तिच्याबरोबर राहिली असती. तिने दोन्ही घालवल्या. परत येताना गाडीत निरंजन म्हणाला, "मावशी, समोर टॉवरसाठी अख्खी टेकडी कापून काढली आहे. रोज डंपर जातात. तिथे जाऊन सांग ना, बंद करा म्हणून." शैला खिडकीतून बाहेर बघत होती. "त्यांनी मला विचारलं नाही रे," ती म्हणाली. "तू विचारलंस." निरंजनने त्यानंतर तिच्याशी बोलणं टाकलं. भांडण नाही, काही नाही. ती आली की हा सायकल घेऊन बाहेर. मला तिचा तो शब्द अजून टोचतो. विचारतो त्यालाच नकार ऐकावा लागतो, आणि न विचारणाऱ्याची गच्चीवर तरणतलाव असलेली इमारत उभी राहते. बदलापूरच्या कुठल्याही रस्त्यावर मान वर केलीत तर तुम्हालाही दिसेल.

त्या सगळ्या गोंधळात फक्त ताराने कारण विचारलं नाही. मंडप रिकामा झाल्यावर ती शैलाजवळ आली आणि म्हणाली, "ताई, कशानं पडला ते ऱ्हाव द्या. मी पोरांना घिऊन घरात झोपू का नको, तेवढं सांगा." आणि याचं उत्तर शैलाकडे होतं. "पाऊस लागला की झोपू नका, शाळेच्या खोलीत जा," ती म्हणाली. "कधी जायचं ते मी कळवीन." तेव्हापासून ती पावसाच्या दिवसांत पहाटे उठून अंदाज बघत बसायची, ढग बघायची, आणि वाटलं की ताराला फोन करायची. "आज शाळेत जा." कित्येकदा असं झालं की ताराने गाद्या-भांडी डोक्यावरून शाळेत नेली आणि दिवसभर लख्ख ऊन. सासू ताराला बोलायची, तारा शैलाला ऐकवायची, शैला "बरं" म्हणायची आणि दोन दिवसांनी पुन्हा फोन. त्या सालात पुढे काही आलं नाही. फोन केले म्हणून माणसं वाचली असंही म्हणता येत नाही, कारण काही झालंच नाही. या कामात यश आलं तर ते दिसतच नाही. मी हे एकदा तिला म्हटलं, तर म्हणाली, "मला कुठे दाखवायचंय कोणाला?" पण आवाज नेहमीचा नव्हता.

पौषात तिने मला बरोबर नेलं. दरडीच्या उघड्या जागेवर तिने आणि ताराने माती धरून ठेवायला वाळ्याची रोपं लावली होती, ती जगली का बघायला. बरीचशी जगली होती. उन्हात कातळावर बसून आम्ही तिळाचे लाडू खाल्ले. ती कधी नव्हे ते आपणहून बोलू लागली. "मी पोरांना परीक्षेत 'कारणे द्या' असा प्रश्न घालायचे, आठवतं? आणि कोणी 'सांगता येत नाही' लिहिलं की शून्य द्यायचे." मग हसली. "रोज सकाळी डोळे उघडायच्या आधी मी त्या ओहोळात उतरते गं. पाणी कुठून फुटलं असेल ते शोधत. रोज वेगळी जागा सापडते." मी म्हटलं, पुरे कर आता, म्हैस गेली, माणसं तर आहेत. ती म्हणाली, "म्हैस होती म्हणून तू असं म्हणतेस." खाली ताराचं घर दिसत होतं, गोठ्याच्या जागी आता नुसता चौथरा होता आणि त्यावर मिरच्या वाळत घातल्या होत्या. परत उतरताना तिने माझा हात धरला, गुडघ्यासाठी, आणि खाली सपाटीला आल्यावरही सोडला नाही.

नंतर फोनवर बोलणं व्हायचं, पण नीट भेट तीच शेवटची. वैशाखात ती गेली. वसंतराव सांगत होते, येत्या रविवारी ती वाडीत जाणार होती, पावसाआधी वरचे चर मोकळे करून घ्यायला. स्मशानात कॉलेजचे लोक होते, तिचे जुने विद्यार्थी होते, त्यांतले काही उल्हासनगरचे मोठे दुकानदार झालेले. निरंजन आला होता. खांदा द्यायला पुढे झाला नाही, वसंतरावांनी हात धरून त्याला पुढे घेतलं. वाडीतून कोणी आलं नाही, एक तारा सोडून. ती फाटकापाशी उभी होती, आत यावं की नाही असं. मी जवळ गेले तर म्हणाली, "आमच्याकडची मानसं वाईट नाहीत. त्यांना तोंड दाखवता येईना." ते खरं असेल किंवा तिने त्यांना सांभाळून घेतलं असेल.

गेल्या आठवड्यात इथे पावसाने सलग धरलं. माझं घरात लक्ष लागेना. भाजी चिरताना, टीव्ही लावताना, सारखं वाटे, आज शैलाने फोन केला असता का? मला ढगातलं काय कळतं... ताराला फोन लावला तर लागेना. दुपारी मी निरंजनला म्हटलं, "गाडी काढ." त्या दिवशी तो घरूनच काम करत होता. त्याने कुठे जायचं ते विचारलं नाही. चामटोलीच्या पुढे रस्त्यावर पाणी होतं, वाडीच्या अलीकडे गाडी ठेवून आम्ही चालत गेलो. डोंगर ढगात गेला होता, काहीच दिसत नव्हता. ताराच्या दाराला बाहेरून कडी. निरंजन धावतच शाळेकडे वळला.

तारा शाळेच्या खोलीत स्टोव्हवर खिचडी ढवळत होती. सासू फळ्याखाली पाय पसरून बसली होती, मुलं बाकांवर. आम्हाला बघून तारा उठली. "फोनाची वाट बघत बसले व्हते सकाळपास्नं," ती म्हणाली. "म्हटलं ताई कशा नाय करीत अजून. मंग ध्यानात आलं..." ती पदराने स्टोव्हची काजळी पुसत राहिली. "मंग म्हटलं, केला असता तर काय बोलल्या असत्या? उचलली पोरं आन् आले." सासू म्हणाली, "सकाळी हितं तर थेंब नव्हता." पण तिच्या आवाजात तक्रार नव्हती. बाहेर पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की थोडा वेळ कोणालाच बोलता येईना.

जरा कमी झाल्यावर ताराने निरंजनला विचारलं, "दादा, तुमी शिकलेले हाव. उद्या घरला जाव का नको?" निरंजन खिडकीशी उभा होता. त्याने खिशातून मोबाइल काढला, पडद्याकडे बघितलं आणि परत ठेवून दिला. ढगात डोंगर जिथे असायला हवा तिथे तो बघत राहिला. मी त्याला काही सुचवणार होते, पण थांबले.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. मग ताराकडे वळून, "पण उद्या नका जाऊ. परवा मी फोन करतो."

"सकाळी लवकर लावा," तारा म्हणाली. "ताई पोरं उठायच्या आधी लावायच्या."